उचलून बघायचा बुद्ध

एप्रिलात येणाऱ्या नव्या वर्षाच्या तीन दिवसांत कुणी कुणाला रागवायचं नाही, असा आमच्या नदीकाठचा नियम आहे. वर्षाची सुरुवात भांडणाने झाली की वर्षभर भांडणच पानात पडतं म्हणतात. त्यामुळे फायवान आणि तिची मुलगी कोप गेले दोन दिवस जे काही भांडल्या, ते हसत हसत भांडल्या.

"आई, तू माझ्याबरोबर व्हिएन्तियानला येतेयस," असं म्हणून कोप सगळे दात दाखवायची.

"आणि तू भात वाफेला ठेवतेयस," असं म्हणून फायवानही उरलेले सगळे दात दाखवायची.

कुंपणापलीकडून बघणाऱ्याला वाटावं, काय मायलेकींचं गूळपीठ आहे. माया होतीच, त्यात खोट नव्हती. पण प्रश्न मोठा होता आणि तो हसून सुटणारा नव्हता.

फायवान एकसष्ट वर्षांची. गेली चाळीस वर्षं ती मेकाँगमधलं शेवाळ काढून त्याचे पापड करते. थंडीत पाणी उतरून स्वच्छ झालं की गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, दगडांवरचं हिरवं शेवाळ ओढून काढायचं, दोन टोपल्या कावडीला लावून काठाची चढण चढायची, मग ते धुवायचं, बडवायचं, वर तीळ आणि लसूण पेरून उन्हात पसरायचं. आजूबाजूच्या चार गावांत फायवानच्या पापडांना नाव होतं. मात्र यंदा जानेवारीत तिचा पाय चिखलावरून सरकला आणि ती कावडीसकट खाली आली. डावं मनगट मोडलं. सकाळचं धुकं इतकं दाट होतं की तासाभराने मासेमारीहून परतणाऱ्या कुणाला तरी ती दिसली. त्या तासाभरात तिने काय केलं, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. "शेवाळ वाळू नये म्हणून त्याच्यावर पाणी मारत बसले," असं तिने सांगितलं, आणि ते खरं होतं.

कोपला मात्र तो तास विसरता येईना. कोपचं खरं नाव मानिसोन. राजधानी व्हिएन्तियानमधल्या तिच्या कचेरीत तिला याच नावाने ओळखतात. पण ती जन्मली त्या रात्री अंगणात बेडकांनी असा काही गोंधळ घातला होता की बापाने तिला बेडूक, म्हणजे कोप, म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. वय बत्तीस, लग्न नाही, एकटी राहते. मनगट मोडल्यापासून ती रोज सकाळ-संध्याकाळ फोन करत होती, आणि प्रत्येक फोनचा शेवट एकाच वाक्याने होत होता. सुट्टी मिळताच ती आली ती दोन रिकाम्या बॅगा घेऊन. आईचे कपडे भरायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुहेला जायचं ठरलं होतं. दरवर्षी जातातच. जिथे ऊ नदी मेकाँगला येऊन मिळते, त्याच्या समोरच्या कड्यात दोन गुहा आहेत, एक खाली आणि एक वर. त्यांत पिढ्यान्पिढ्या लोकांनी आणून ठेवलेले बुद्ध आहेत, हजारोंनी. वर्ष बदललं की त्यांना फुलांच्या सुगंधी पाण्याने न्हाऊ घालायचं.

नाव फायवानच्या दिराची, थित खामसिंगची. तरुणपणी तीन वर्षं विहारात भिक्खू होता, म्हणून नावामागे थित लागलं. धर्माच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. बाकी कुठल्याच बाबतीत नाही, कारण बाकी सगळ्या बाबतींत त्याची बायको तूई होती.

"पोरी, दोर सोड," थित नावेतून म्हणाला.

कोपने दोर ओढला. गाठ हलेना. तिने दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला. शेवटी फायवान पाण्याचा रुप्याचा वाडगा सांभाळत खाली आली आणि एका हाताने, त्याच मोडक्या मनगटाच्या हाताने, तिने गाठ मोकळी केली.

"ओली झाली की घट्ट बसते," कोप म्हणाली.

"हो, हो. काल वाळूची बादलीही ओलीच होती," तूई म्हणाली. आदल्या दिवशी पलीकडच्या काठावर सगळ्यांनी वाळूचे स्तूप केले होते. त्यात कोपच्या हातची भरली बादली दहा पावलांवर सांडली होती, आणि तूईची ही गोष्ट आतापर्यंत निम्म्या गावाला सांगून झाली होती. "दिवसभर बोटांनी टकटक करायची म्हटल्यावर दंडाला कशाला काम पडतंय? बेडकाचे पाय तरी बरे."

नाव सुटली. नव्या वर्षाचं पाणी मारायला काठावरची पोरं टपूनच होती. त्यांनी बादल्या रिकाम्या केल्या आणि चौघंही पहिल्या वळणाआधीच चिंब झाली. वर पाण्यात उतरून एकाने तव्याची काजळी थितच्या गालाला फासली. थितने तसल्याच तोंडाने, गंभीरपणे, सगळ्यांना नवं वर्ष सुखाचं जावो असा आशीर्वाद दिला. फायवान इतकी हसली की तिला वाडग्यावर हात धरावा लागला.

"बघितलंस?" ती कोपला म्हणाली. "तुझ्या तिथे असं कोण भिजवणार आहे मला?"

"मी भिजवीन. न्हाणीघरात. गरम पाण्याने." कोप हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. "आई, मी चेष्टा करत नाही. पुढच्या थंडीत परत पडलीस तर? धुकं असलं, आणि कुणी आलंच नाही तर?"

उत्तर नसलं की माणूस मोठ्यांकडे बोट दाखवतं. तिने नदीच्या वरच्या अंगाला, गुहेच्या दिशेने दाखवलं.

"उचलून बघू," ती म्हणाली. "बुद्ध सांगेल ते दोघींनी ऐकायचं. मी इथे राहायचं असेल तर हलका, तुझ्याबरोबर यायचं असेल तर जड. कबूल?"

कोपने क्षणभर विचार केला. लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट. तिला नाही म्हणता येईना. "कबूल. पण मोठ्याने विचारायचं."

"मोठ्यानेच विचारणार. तुझ्या बापाची बायको असले तरी मी तुझा बाप नाही."

यावर थितसुद्धा काजळीतून हसला. वरच्या गुहेत दाराच्या आत, डाव्या हाताला, पितळेचा एक बसका बुद्ध आहे. मांजराएवढा दिसतो, वजन मात्र चांगलंच. गुडघ्यांवर बसायचं, तीनदा नमस्कार करायचा, मनातलं विचारायचं आणि उचलायचं. व्हायचं असेल तर तो हलका होऊन डोक्यापर्यंत येतो. नसेल तर जमिनीला खिळल्यासारखा बसून राहतो. फायवानच्या नवऱ्याने, खामतानने, एकदा नावेला नवं इंजिन घ्यावं का म्हणून उचलून बघितला होता. बुद्ध काही केल्या हलला नाही. खामतान घाम पुसत उठला आणि म्हणाला, "मी मनात विचारलं होतं, घेऊ नको का? तो नाही म्हणाला. म्हणजे घ्यायचं." इंजिन आलं. त्या दिवसापासून या घरात बुद्धाला मनात विचारायची बंदी झाली.

तासाभराने कडा दिसला. उन्हाळ्याने नदी खाली गेली होती, त्यामुळे धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंतची चढण लांबली होती. तीस-चाळीस नावा लागल्या होत्या. म्हाताऱ्या बाया, कडेवरची पोरं, नवी लुगडी, फुलांच्या माळा, पाणी पाणी पाणी. खालच्या गुहेत तर उभं राहायला जागा नव्हती. पण तिथे कुणी ढकलत नाही. पुढच्याचं झालं की मागच्याचं.

फायवानला आपला बुद्ध शोधावा लागला नाही. मागच्या कातळाच्या तिसऱ्या टप्प्यावर, वीतभर उंचीचा, लाकडी, हात सरळ खाली सोडून पाऊस मागणारा. तो खामतानच्या आज्यापासून घरात होता. वाळवीने त्याचा पाय खाल्ला तेव्हा खामतानने स्वतः आणून इथे ठेवला, कारण घरातला बुद्ध जीर्ण झाला की त्याला टाकत नाहीत, गुहेत थोरल्यांच्या सोबतीला बसवतात. खामतान गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून फायवान त्या बुद्धाला न्हाऊ घालताना नवऱ्याला वर्षाची बातमी देते. बुद्धाला याचं काही वाटत नसावं.

"यंदा शेवाळ उशिरा आलं," ती चाफ्याच्या फुलांचं पाणी हळूहळू ओतत म्हणाली, "पण आलं ते असं लांबसडक, मुलीच्या केसांसारखं. बांबूचा मांडव मीच शाकारला. तुझी लंगडी बदकीण अजून आहे. सकाळी पाण्यात उतरते ना, तेव्हा पहिल्यांदा पायाला गार लागतं आणि मग लागायचं थांबतं, ते मला अजून आवडतं. हात मोडला होता. जुळला. तुझी मुलगी मला घेऊन जाईन म्हणते. आता वर जाऊन विचारणार आहोत. तू मध्ये पडू नको."

वाडगा रिकामा झाला. ती वळली तर कोप अगदी मागेच उभी होती, हातात फुलं तशीच धरून. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने फुलं वाहिली आणि काकाबरोबर वरच्या पायऱ्यांकडे निघाली.

वरच्या गुहेला पायऱ्या खूप. तूई दर वीस पायऱ्यांनी बसायची आणि फायवानलाही बसवायची. तिसऱ्यांदा बसल्यावर तिने आजूबाजूला बघितलं, कोप लांब गेल्याची खात्री केली आणि पोटातलं ओठावर आणलं. तूईच्या पोटात गोष्ट राहते ती जेमतेम जेवणापर्यंत.

"जाऊबाई, एक सांगते, पण मी सांगितलं म्हणू नका. तिने खोली तयार केलीय."

"कसली खोली?"

"तुमच्यासाठी. मला फोटो दाखवला आणि शपथ घातली. भिंती स्वतः रंगवल्यात, हिरव्या. म्हणे आईच्या शेवाळाचा रंग दुकानात मिळेना, चार डबे मिसळून केला. पलंग आणलाय, बुटका, तुमचे पाय टेकावेत म्हणून. आणि काय सांगू, न्हाणीघरात धरायला दांडी."

फायवान पायरीवर बसून राहिली. खाली दोन नद्यांची पाणी एकमेकांत शिरत होती, एक हिरवं, एक मातकट. आपल्या मुलीने भिंत रंगवली. ज्या पोरीला भरली बादली दहा पावलं नेता येत नाही, तिने चार भिंती रंगवल्या, एकटीने, कचेरीतून आल्यावर. फायवानला एकदम वाटलं, बुद्ध जड झाला तर बरं. मग लगेच सकाळचं पाणी आठवलं, गार लागून थांबणारं, आणि वाटलं, छे, जड होऊन कसं चालेल. आता तिलाच कळेना की तिला काय हवंय.

"उठा," तूई म्हणाली. "बसून पायऱ्या कमी होत नाहीत."

वरची गुहा अंधारी. दारातून उजेड येतो तेवढाच, पुढे विजेरी लागते. गर्दी खालीच जास्त होती. इथे दोन-तीन घरची माणसं आतल्या अंगाला मेणबत्त्या लावत होती. पितळेचा बुद्ध चटईवर बसला होता, डोक्यावर लोकांनी ओतलेल्या पाण्याचे थेंब, मांडीवर दोन चाफे. कित्येकांच्या हातांनी त्याच्या काखेखालचं पितळ सोन्यासारखं उजळलं होतं.

फायवान गुडघ्यांवर बसली. तीनदा डोकं टेकलं. मग ठरल्याप्रमाणे मोठ्याने म्हणाली, "मी माझ्या गावात, नदीवर राहायचं असेल तर हलका हो. मुलीबरोबर जायचं असेल तर जड राहा." आणि दोन्ही हात बुद्धाच्या काखेत घातले.

बुद्ध वर आला. नुसता आला नाही, भाताची रिकामी टोपली उचलावी तसा सरळ डोक्याच्याही वर गेला, आणि फायवान त्याला तिथे धरून बसली. तिला स्वतःलाच इतकं आश्चर्य वाटलं की ती हसायला लागली. आतून, पोटातून, लहान मुलीसारखी. बुद्धाच्या डोक्यावरचे थेंब तिच्या कपाळावर गळत होते.

कोप बुद्धाकडे बघत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"झालं," थित म्हणाला.

"नाही झालं," कोप एकदम म्हणाली. "काका, हे चालणार नाही. ही चाळीस वर्षं ओल्या शेवाळाच्या दोन दोन टोपल्या घेऊन चढण चढतेय. हिला काय जड वाटणार? हिला तुमची नाव उचलायला सांगितली तरी उचलेल. बुद्ध हलका झाला की हिचे हात दणकट आहेत, हे कळणार कसं?"

आतल्या अंगाची माणसंही वळून बघू लागली. फायवानने बुद्ध हळूच खाली ठेवला. तिला राग यायला हवा होता, पण पोरीचं म्हणणं तिला पटलं, ही खरी पंचाईत. इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

"मुद्दा आहे," थित हनुवटी खाजवत म्हणाला. काजळी आता त्याच्या बोटांना लागली. "ज्याचा प्रश्न आहे त्याच्यासाठी दुसऱ्याने उचललं तर चालतं. आजारी माणसासाठी उचलतातच. माझा हात नको, मी इंजिन उचलतो."

"माझी कंबर गेलीय," तूईने आधीच सांगून टाकलं.

सगळ्यांनी कोपकडे बघितलं.

"तूच उचल," थित म्हणाला. "तुझ्या दंडात काडीचंही बळ नाही. तू उचललास तर तो बुद्धानेच हलका केला, त्यात कुणाला शंका नको."

फायवानने मान हलवली, म्हणजे होकार दिला, आणि मनात म्हणाली, झालं, निकाल लागला. कोपला हा बुद्ध उचलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दहावीच्या परीक्षेआधी पोरीने प्रयत्न केला होता, लालबुंद झाली होती, बुद्ध बोटभर हलला नव्हता. पोर पास झाली हा भाग वेगळा. थितने तेव्हा सांगितलं होतं की प्रश्न नीट विचारला नसणार. म्हणजे आता दोन बॅगा भरायच्या. बदकीण तूईला द्यायची. हिरव्या भिंती. फायवानने मन घट्ट केलं. ठीक आहे. आयुष्यभर मुलांनी आपल्या मागे यायचं, मग एक दिवस आपण त्यांच्या मागे जायचं.

कोप बसली. खांद्यावरून घेतलेली सणाची कापडी पट्टी नीट केली, तीनदा डोकं टेकलं. तिसऱ्यांदा जरा जास्तच वेळ टेकलं. मग मोठ्याने, शाळेत कविता म्हणायची तशी म्हणाली, "माझी आई तिच्या गावात, नदीवर राहायची असेल तर हलका हो. माझ्याबरोबर यायची असेल तर जड राहा."

तिने हात घातले आणि उचललं. बुद्ध हलला नाही. नावालाही नाही. चटईची काडी मोडल्याचा आवाज झाला, तेवढाच.

तूईने सुस्कारा सोडला. थितने तोंड उघडलं. इथेच सगळं संपत होतं. कोपने हात काढून घेतले असते तर कुणी ब्र काढला नसता, आणि फायवान तिच्याबरोबर गेली असती, हसत गेली असती.

"थांबा," कोप म्हणाली. "माझी पट्टी अडकली खाली."

ती वाकली, खांद्यावरची पट्टी तिने ओढून घेतली, कमरेला खोचली. फायवान अगदी शेजारी होती, विजेरी तिच्याच हातात होती. पट्टी बुद्धापासून हातभर लांब होती. कुठेही अडकली नव्हती.

कोपने पुन्हा हात घातले. या वेळी तिने गुडघे दूर रोवले, दात आवळले, डोळे मिटले. बुद्ध एका बाजूने सुटला. मग दुसऱ्या. तिच्या मानेची शीर दोरासारखी वर आली. बुद्ध पोटापर्यंत आला, छातीपर्यंत आला, तिथे अडला, आणि तिच्या घशातून बारीक आवाज निघाला, आणि तो कपाळापर्यंत गेला. तिचे कोपर लटलटत होते. कपाळावरून घाम गळत होता, की बुद्धाच्या डोक्यावरचं पाणी, ते फायवानला सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं ओझं उचलणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या अंगावरचं ओझं बरोबर समजतं. हे ओझं पुरतं होतं. एक कणही कमी झालेला नव्हता.

"हलका आहे," कोप म्हणाली. आवाज फुटला होता. "कापसासारखा आहे, आई."

मग तिने तो खाली ठेवला. अगदी हळू ठेवला, आदळला नाही.

"साधु," थित म्हणाला, आणि आतल्या अंगाची अनोळखी माणसंही "साधु, साधु" म्हणाली. तूई रडायला लागली, कारण कुणी रडत नसेल तर ते काम तिचं असतं. तेवढ्यात बाहेरून कुणाच्या तरी पोराने पाण्याचा तांब्या आत भिरकावला आणि सगळ्यांच्या पाठी गार झाल्या.

फायवानने मुलीचा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. आता पायऱ्या उतरताना आपण पडू नये म्हणून पोरगी आपल्याला धरते, की भरल्या डोळ्यांनी तिला पायरी दिसत नाही म्हणून आपण तिला, हे सांगायची गरज नव्हती.

खाली वाळूवर चटई टाकून जेवणं झाली. चिकट भात, भाजलेला मासा, जेओ म्हणजे भाजल्या मिरचीची चटणी, आणि अर्थात फायवानचे शेवाळाचे पापड. कोपने टोपलीतला भात घ्यायला हात नेला तर बोटं मिटेनात. तिने हात मांडीखाली लपवला आणि भूक नाही म्हणाली. फायवानने भाताचा गोळा केला, जेओला लावला आणि तिच्या तोंडात घातला. कोपने खाल्ला. दुसराही खाल्ला. चारचौघांत, बत्तीस वर्षांची मुलगी, आणि लाजली नाही.

परतताना ऊन कललं होतं. प्रवाहाबरोबर जायचं असल्याने घाई नव्हती. थित नावेच्या मागच्या टोकाला पाय पसरून बसला होता, तूई त्याच्या खांद्यावर घोरत होती. फायवानने मुलीचा दंड मांडीवर घेतला आणि चोळायला लागली, शेवाळ बडवून पक्क्या झालेल्या अंगठ्यांनी.

"हलका होता ना?" तिने विचारलं.

"कापसासारखा."

"मग हात का थरथरतोय?"

कोपने नदीकडे बघितलं. "इंजिनामुळे," ती म्हणाली. "नावच थरथरतेय सगळी."

थितने इंजिन केव्हाच बंद केलं होतं. नाव आपोआप वाहत होती. इतकी शांतता होती की काठावरच्या विहारातल्या ढोलाचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. फायवान चोळत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही. त्या दिवशी सगळेच ओले होते.

"बुद्धाला आपण काय विचारलं, नीट आठवतंय ना?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "मी गावात, नदीवर राहायचं का. तो हो म्हणाला. पण पावसाळ्यात कुठे असते गं नदीवर मी? जूनपासून पाणी चढतं, गढूळ होतं, शेवाळ असतं का तेव्हा? ऑक्टोबरपर्यंत मी नुसती मांडवाखाली बसून तुझ्या काकूच्या गप्पा ऐकते. त्या महिन्यांचं आपण विचारलंच नव्हतं."

कोपने मान वळवली. "आई, हे बाबांसारखं झालं."

"त्यांची बायकोच आहे मी."

मागून थितने खाकरून घशातल्या घशात काहीतरी म्हटलं. तेवढ्यापुरतं त्याला कुणी शेवटचा शब्द विचारला नाही.

"पावसाळाभर मी तुझ्याकडे, थंडीत मी पाण्यात," फायवान म्हणाली. "आणि थंडीत सकाळी कावड घेताना थितच्या दारावरून हाक मारून जाईन. परत येतानाही मारीन. नाही मारली तर ही घोरणारी बाई उठून बघायला येईल. एवढं चालेल?"

कोपने मान डोलावली, पुन्हा पुन्हा.

"आता दुसरा हात दे," फायवान म्हणाली. "आणि मला सांग, तो हिरवा करायला कुठले चार डबे मिसळलेस?"